बनगरवाडी: पुस्तकातला माळ आणि पडद्यावरचा माळ

माळवाट

परवा रात्री व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' परत एकदा वाचून संपवली आणि दुसऱ्याच दिवशी अमोल पालेकरांचा सिनेमा पाहिला. असं लागोपाठ कधी केलं नव्हतं. दरवेळी मध्ये दोन-चार वर्षं जायची, आणि पुस्तकातलं काय नि सिनेमातलं काय, सगळं डोक्यात कालवून जायचं. या वेळी दोन्ही वेगवेगळी राहिली, म्हणून हा धागा.

कादंबरी १९५५ ची, सिनेमा १९९५ चा. कादंबरीतला काळ तर १९५५ च्याही मागचा, औंध संस्थान शाबूत होतं तेव्हाचा. म्हणजे पालेकरांना निदान अर्ध्या शतकामागचं जग उभं करायचं होतं. ते उभं राहिलं का, हा माझा प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो. माळ उभा राहिला, माणसं उभी राहिली. मास्तरचं वय मात्र निसटलं, आणि त्या वयाबरोबर त्या काळातली एक मोठी गोष्ट निसटली.

कादंबरीतला मास्तर म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. अंधारात घरून निघतो, पायी वाट तुडवत धनगरांच्या वाडीवर शिकवायला पोचतो. म्हाताऱ्या कारभाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो की हे एवढंसं पोर आमच्या पोरांना काय शिकवणार. आणि मग बघता बघता त्याच पोराकडे भांडणं निवाड्याला येऊ लागतात. कागद वाचून दाखव, अर्ज लिहून दे, तालुक्याला जातोयस तर एवढं काम कर. कशामुळं? वाडीत अक्षर ओळखणारा तो एकटा, म्हणून. लिहिता-वाचता येणारं पोर त्या काळी एका हंगामात वडीलधारं होऊन जाई. सिनेमात चंद्रकांत कुलकर्णींनी मास्तर फार मनापासून केला आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते तेव्हा तिशीतले होते. तिशीतल्या शिक्षकाला गावानं सल्ला विचारला तर त्यात नवल काय? नवल आहे ते पोराला विचारण्यात. त्या पोराची छाती दडपते, रात्री झोप लागत नाही, ही कादंबरीची धडधड आहे.

दुसरं म्हणजे पुस्तकात मास्तर आपल्याला दिसतच नाही. आपण त्याच्या डोळ्यांच्या आत बसलेलो असतो. वाडी दिसते, तो नाही. पडद्यावर तो समोर येऊन उभा राहतो आणि आपण बाहेर फेकले जातो. यात दिग्दर्शकाचा दोष नाही, माध्यमच तसं आहे. पण फरक पडतो.

आता जे जमलंय ते. चंद्रकांत मांडरे यांचा कारभारी! सिनेमा आला तेव्हा ते ऐंशीच्या पुढचे होते. १९४१ च्या 'शेजारी'त जो तरुण चंद्रकांत आपण पाहतो तोच हा माणूस. म्हणजे बनगरवाडीचा काळ त्यांनी स्वतः जगलेला. तो काळ त्यांना अंगावर चढवावा लागला नाही, त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांत तो आधीच होता. बसणं, हातातली काठी टेकणं, बोलण्याआधी थांबणं. सिनेमात काळ खरा वाटतो तो मला सगळ्यांत जास्त या एका चेहऱ्यामुळं.

तुम्हाला काय वाटतं?

काजळरेघ

धागा आवडला. पुस्तक कॉलेजात असताना वाचलं होतं, सिनेमा पाहिलेला नाही. आता दोन्ही करते आणि मग लिहिते.

चिंचोका

माळवाट, मी या विषयावर गप्प बसू शकत नाही. आमचं घराणं मेंढपाळाचं. आज्जा सत्तर मेंढरं राखायचा, वडिलांनी नोकरी धरली, मी शहरात.

हा सिनेमा आज्ज्याबरोबर घरच्या टीव्हीवर बघितला. मी माणसांकडं बघत होतो, आज्जा मेंढरांकडं. मध्येच म्हणाला, कळप चांगला हाय, कुणाचा असंल? मग पुढं कितीतरी वेळ तो बोललाच नाही. पाऊस येत नाही, माणसं हळूहळू सामान बांधायला लागतात, तिथं आल्यावर त्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. आमच्याकडं मयतीला बसल्यावर तसं ठेवतात.

त्यामुळं काळ उतरला का, याचं माझं उत्तर तिथंच मिळालं. बाकी बारकावे बघायचे तर पुस्तक पुढं आहे, हे मी मान्य करतो. माडगूळकरांना धनगर माणूस कसा उकिडवा बसतो, घोंगडी कशी खांद्यावर टाकतो, पाहुण्याला दूध कसं पुढं करतो हे सगळं माहीत होतं. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिचा एक वास असतो. पावसात भिजली की अख्ख्या घरात तो भरतो. पुस्तक वाचताना मला तो वास येतो. सिनेमा बघताना नाही आला. कॅमेऱ्याला नाक नसतं, तो काय करणार.

माळवाट

चिंचोका, मुंडाशाचं वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. धाग्याचं चीज झालं.

यमाईचा डोंगर

मूळ लेखात औंध संस्थानाचा नुसता उल्लेख आलाय, तो थोडा उलगडावा असं वाटतं, कारण कादंबरीचा काळ कळायला ते फार कामाचं आहे.

तालमीच्या उद्घाटनाला राजा वाडीवर येतो, हा प्रसंग आठवा. नव्या वाचकाला वाटतं, राजा म्हणजे हत्ती, अंबारी, भालदार-चोपदार. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी त्यातले नव्हते. स्वतः चित्रकार. सूर्यनमस्काराचं त्यांना वेड, संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी ते सक्तीचे केले होते. अशा राजाला एखाद्या धनगरवाडीवर तालीम बांधली गेल्याचं कळलं तर तो तिथं जाणारच! लेखकानं योगायोग जुळवून आणलेला नाही, त्या संस्थानात ते सहज घडण्यासारखं होतं.

दुसरी गोष्ट. १९३९ साली औंधनं आपली घटना केली. तिच्यामागं गांधीजींचा सल्ला होता, आणि कारभार खालून, गावपंचायतीपासून चालावा ही तिची कल्पना. सगळं मिळून सत्तर-बहात्तर गावांचं संस्थान, तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांचं. आटपाडीचा भाग त्यातलाच एक तुकडा. माडगूळकरांचं माडगूळ तिथलंच. सगळ्या वाडीनं अंगमेहनत करून तालीम उभी करणं, मास्तरनं पुढाकार घेणं, दादू बालट्यासारख्या गावकऱ्यानं आडवं येणं, हे सगळं त्या हवेतलं आहे. कादंबरी घटनेबद्दल एक अक्षर बोलत नाही, आणि तेच तिचं मोठेपण. पण मागं ती हवा आहे. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं आणि ती हवाही गेली.

सिनेमात राजा येतो तेव्हा तो 'एक राजा' होऊन येतो. या राजाचं राज्य वेगळं होतं, हे ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच कळतं. माझ्या मते काळ निसटला तो इथं, मास्तरच्या वयात नव्हे.

एक जोड देतो. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत होती, भिंती नसलेला तुरुंगच म्हणा. त्यावरून माडगूळकरांचे थोरले भाऊ गदिमा यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' झाला. थोरल्या भावाची कथा आणि धाकट्याची कादंबरी, दोन्ही एकाच संस्थानाच्या मातीतून आलेल्या. आणि गंमत बघा, 'बनगरवाडी'च्या इंग्रजी अनुवादाचं नावही 'भिंती नसलेलं गाव' अशा अर्थाचंच आहे.

माळवाट

डोंगर, ही भर फार मोलाची. राजाबद्दल तुमचं म्हणणं पटलं. पण कादंबरीही घटनेबद्दल बोलत नाही म्हणता, मग सिनेमानं का बोलावं? पुस्तकाला जी मुभा दिली ती सिनेमालाही द्यायला हवी.

यमाईचा डोंगर

बोलू नये, पण दाखवता येतं. पुस्तक १९५५ साली ज्यांनी वाचलं त्यांना संस्थान म्हणजे काय ते आठवत होतं, अवघी सात वर्षं झाली होती. १९९५ च्या प्रेक्षकाला आठवत नव्हतं. न सांगता कळायची सोय तोपर्यंत संपली होती. म्हणून सिनेमावर ओझं जास्त.

निंबाची सावली

मला अंजीबद्दल बोलायचं आहे, इतक्या प्रतिसादांत तिचं नावही आलं नाही.

कारभाऱ्याची मुलगी मास्तरला तालुक्याहून चोळी शिवून आणायला सांगते. तो आणतो. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीवरून कुजबुज होते, आणि म्हातारा मास्तरशी बोलायचा थांबतो. कादंबरीत मास्तर आणि अंजी यांच्यात काय आहे हे लेखक सांगत नाही. मला वाटतं, त्या पोराला स्वतःलाही ते सांगता आलं नसतं. काहीतरी आहे, पण त्याला नाव द्यायची त्या दोघांची हिंमत नाही आणि त्या काळाची परवानगीही नाही.

सिनेमात एक तरुण पुरुष आणि एक तरुण मुलगी एका चौकटीत आली की आपण प्रेक्षक लगेच गोष्ट पुरी करून टाकतो. इतके सिनेमे पाहिलेत की डोळ्यांना ती सवयच लागली आहे. अधिश्री अत्रेची अंजी मला आवडली, पण मी तिला अंजी म्हणून कमी आणि नायिका म्हणून जास्त पाहिलं. दोष माझ्या नजरेचा असेल. पुस्तकात मात्र मी तिला कधीच नायिका म्हणून पाहिलं नाही.

आणि शेकूची बायको. एकच बैल, दुसरा मिळत नाही, पेरणी तर करायलाच हवी, म्हणून ती बाई जुवाखाली आपला खांदा देते. माडगूळकर तिथं आवाज चढवत नाहीत. मास्तरनं जे पाहिलं ते सांगतात आणि पुढं जातात. असल्या प्रसंगी कॅमेऱ्यानं शब्दांपेक्षा जास्त सावध असायला हवं. क्षणभर जास्त रेंगाळला की तो करुणा मागायला लागतो, आणि त्या बाईनं तर कुणाकडे करुणा मागितलेली नाही. तिला पेरायचं होतं.

चिंचोका

सावलीताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. आमच्या आज्जीनं बाभळीचा काटा पायात मोडलेला असताना दिवसभर मेंढरं वळली. कुणी हळहळलं की ती चिडायची.

अक्षरवेल

सगळ्यांचं वाचलं. मी थोडं विरोधात बोलणार आहे, राग मानू नये.

पुस्तक शेजारी ठेवून सिनेमाला गुण देणं मला पटत नाही. माडगूळकर स्वतः पटकथा लिहीत होते, 'सांगत्ये ऐका' त्यांचा. कागदावरची गोष्ट पडद्यावर जाताना काय सांडतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. ते चित्रही काढायचे. 'बनगरवाडी'ची वाक्यंच अशी आहेत की आधी माळ, मग माळावरचं झाड, मग झाडाखालचं माणूस. एवढं चित्रमय पुस्तक असूनही त्याचा सिनेमा व्हायला चाळीस वर्षं लागली. याचं कारण मला असं वाटतं की त्यात घटना एकमेकींना ढकलत नाहीत. चोरी होते, मिटते. भांडण होतं, मिटतं. तालीम होते. पाऊस येत नाही. पुढं काय होणार म्हणून आपण पान उलटत नाही, वाडीवर राहायला आवडतं म्हणून उलटतो. ही चाल पालेकरांनी मोडली नाही. खोटा खलनायक घातला नाही, ताणलेला कळस उभा केला नाही. १९९५ साली हे करणं म्हणजे केवढं धाडस!

मास्तरच्या वयाबद्दल: माळवाट, सतरा-अठराचा पोरगा घेतला असता तर कारभाऱ्यासमोर तो उभा राहिला असता का? मांडऱ्यांच्या समोर नवखा पोरगा म्हणजे वडापुढं रोपटं.

माळवाट

अक्षरवेल, राग कसला. चालीबद्दल शंभर टक्के सहमत, ते मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

पण वडापुढं रोपटं, अहो, हेच तर हवं होतं! कादंबरीच त्याची आहे.

वयाचा मुद्दा मी का धरून बसलोय तेही सांगतो. वाडीतला म्हातारा रामा बनगर आपले साठवलेले राणीछाप रुपये मास्तरकडे देतो, बदलून आण म्हणून. जमिनीत पुरून ठेवलेली चांदी, आयुष्याची पुंजी. १९४०-४१ च्या सुमारास सरकारनं व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये चलनातून काढले होते. कुठं लढाई चालू आहे हे वाडीला ठाऊक नाही, पण तिची झळ अशी पोचली की पुरलेला रुपया एकाएकी खोटा झाला. आणि म्हातारा ही पुंजी कुणाच्या हातात देतो? नातवाच्या वयाच्या पोराच्या. पुढं ते पैसे चोरीला जातात तेव्हा त्या पोराच्या पोटात जो खड्डा पडतो तो मी दरवेळी वाचताना अनुभवतो. वाडीतल्या आनंदा रामोश्याचं पुढचं सगळं मी इथं सांगत नाही, काजळरेघ वाचायच्या आहेत. पण त्या काळातला विश्वास काय चीज होती हे त्या वयाशिवाय कळत नाही.

तळ्याकाठी

टोरांटोहून लिहितोय. इथं बर्फ पडतंय आणि मी माणदेशातल्या या माळाचं वाचतोय.

एक विचार मांडतो. काळ उभा करणं सोपं की अवघड, हे पुस्तकातला काळ आणि सिनेमा यांच्यातल्या वर्षांवर बरंच ठरतं. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक'वरून जब्बार पटेलांनी १९७९ साली सिनेमा केला तेव्हा तो काळ दाराबाहेरच उभा होता. कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरलं की झालं. अत्र्यांची 'श्यामची आई' १९५३ ची, पुस्तकानंतर जेमतेम वीस वर्षांनी. तसली घरं, तसली माणसं अजून होती. उलट 'शाळा' घ्या. आणीबाणीतली गोष्ट, बोकिलांचं पुस्तक २००४ चं, सिनेमा २०१२ साली लागला. तिथं प्रत्येक भिंत, प्रत्येक दप्तर शोधून आणावं लागलं असणार. मला तो सिनेमा फार आवडतो, पण त्यात आणीबाणी मागच्या पडद्यासारखी आहे. पुस्तकात ती पोरांच्या पोटात भीती होऊन बसली आहे.

'बनगरवाडी' या दोन्हींच्या मध्ये पडते. वर्षं पन्नास गेली, पण माळ तोच होता. मला वाटतं पालेकरांना मातीनं साथ दिली.

एकशिक्षकी

तळ्याकाठी यांच्या शेवटच्या वाक्यावर लिहितो. मी प्राथमिक शिक्षक म्हणून त्याच पट्ट्यात सव्वीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

माळ तोच होता, हे तेव्हा खरं होतं. आता नाही. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं आणि आटपाडीकडं डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. ज्या उतारावर उन्हाळ्यात नजर टिकायची नाही तिथं ठिबकच्या काळ्या नळ्या दिसतात. लोकांचं बरं झालं, मला मनापासून आनंद आहे. पण आज कुणी हा सिनेमा करायला घेतला तर आधी माळ शोधत फिरावं लागेल. त्यामुळं १९९५ चा सिनेमा हा माझ्यासाठी १९४० चा जेवढा पुरावा आहे तेवढाच १९९५ चाही आहे.

मास्तरच्या वयाबद्दल माझं मत माळवाट यांच्या बाजूनं. मी रुजू झालो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. वस्तीवरची एकशिक्षकी शाळा, पटावर एकोणीस पोरं, दिवाळीनंतर मेंढरं खाली गेली की वर्गात सहा उरायची. पहिल्याच आठवड्यात एक साठीचा गृहस्थ जमिनीचा कागद घेऊन आला आणि माझ्यासमोर खाली बसला. मी खुर्चीवर. मला काय करावं सुचेना, मीही खाली बसलो. 'बनगरवाडी' मी त्याच्या आधीच वाचली होती, पण ती कळली त्या दिवशी. तो कागद मी तीनदा वाचला, चुकू नये म्हणून.

ते पुस्तकात आहे. सिनेमात मला ते सापडलं नाही, तरी सिनेमा मी चार वेळा पाहिलाय. चारही वेळा शेवटासाठी. वाडी रिकामी होते. कुत्रीसुद्धा माणसांमागं जातात. शिकवायला पोरं नाहीत, मग मास्तर कशाला? शाळा अशी बंद पडते, कुणी बंद करत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, दर वर्षी, थोडं थोडं.

काजळरेघ

मी दोन्ही केलं. तीन दिवसांत. रात्री पुस्तक आणि रविवारी सिनेमा.

मी मुंबईची, मेंढरं फक्त महामार्गावर गाडीच्या काचेतून पाहिलेली. त्यामुळं काळ बरोबर उतरला की नाही हे मी सांगू शकत नाही. पण एक सांगते. पुस्तक वाचताना मला वाडी छोटी वाटत होती, पस्तीस-एक घरं, सगळे सगळ्यांना ओळखणारे. सिनेमा बघताना पहिल्यांदा कळलं की तिच्या भोवती केवढं मोकळं आहे. एवढ्या मोकळ्या जागेत माणसं इतकी चिकटून का राहतात, ते मला तेव्हा समजलं. हे पुस्तकातून मला मिळालं नव्हतं.

आणि माळवाट, तुम्ही आनंदा रामोश्याचं सांगितलं नाहीत त्याबद्दल खरंच आभार.

माळवाट

काजळरेघ, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुस्तकात मास्तर वाडीच्या आत असतो म्हणून आपणही आतच असतो. सिनेमा आपल्याला बाहेर काढतो असं मी तक्रारीच्या सुरात लिहिलं होतं. बाहेर गेल्यावर जे दिसतं ते मी मोजलंच नाही.

गुरुजी, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला.

चिंचोका

गुरुजी, दिवाळीनंतर खाली गेलेल्या त्या तेरा पोरांत एखादं आमच्या भावकीतलं असणार. माझे वडील चौथीपर्यंत असंच शिकले. अर्धं वर्ष गावात, अर्धं वर्ष वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या माणसांबरोबर. पाटी घोंगडीत गुंडाळून न्यायचे.

एकशिक्षकी

चिंचोका, ती पोरं उन्हाळ्याच्या शेवटी परत यायची तेव्हा अक्षरं विसरलेली असायची, पण आकडे पक्के. रोज संध्याकाळी मेंढरं मोजायची ना. मी मग जूनमध्ये गणितापासून सुरुवात करायचो. वडिलांना नमस्कार सांगा.